रोइंग मशीनवर आधी दम वाढवा, रेट नंतर

कोल्हापुरात जिममध्ये रोइंग मशीनवर बसला की जो तो डॅम्पर (पंख्यात हवा किती शिरते ते ठरवणारा खटका) थेट १० वर टाकतोय, स्ट्रोक रेट (मिनिटाला किती वेळा ओढता ते) ३० च्या वर, मग पाच मिनिटात खल्लास. भावांनो, असं नका करू. आठवड्यातलं बरंचसं रोइंग १८ ते २० च्या रेटवर करा, ३०-४० मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपतच. रेट कमी म्हणजे ढिलं नव्हे हं, पायानं दाब नीट द्यायचा आणि परत पुढं येताना निवांत, ढकलायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळ घ्या, बहुतेकांचं इथंच चुकतंय, सीट धाडकन पुढं आणतात. डॅम्पर ३ ते ५ पुरे.

इंटरव्हल, म्हणजे जोरात मारायचे तुकडे, आठवड्यातनं एक-दोनदाच, ५०० मीटरचे चार, २६ ते ३० रेटनं, मधी दोन-तीन मिनिटं हळू. रेट वाढवूनही ५०० मीटरचा स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) तिथंच राहिला तर समजा नुसती धडपड चाललीय, रेट दोननं खाली आणा. आणि आदल्या दिवशी तालमीत बैठका लई मारल्या असतील तर १८ च्या वर जाऊच नका.