लाकडाचे जोड: कुठं कुठला मारायचा

स्टूल डुगडुगतंय म्हणून अजून एक खिळा ठोकायचा, हे आधी बंद करा ओ. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, लाकूड सुकून रुंदीत आकसतं (लांबीत नावालाच), खिळा काय आकसत नाही, मग ढिला पडणारच की. जोड असा पाहिजे की लाकडानंच लाकूड धरलं पाहिजे.

बट जोड म्हणजे एका फळीचं टोक दुसरीला टेकवून स्क्रू मारायचा. टोकाकडून लाकूड फेविकॉल पिऊन टाकतं, पकड येत नाही, खोक्याबिक्याला ठीक आहे. मायटर फोटोफ्रेमला करतात तो, ४५ डिग्रीत कापून, दिसायला एक नंबर, ताकद यथातथाच. शिकायला हाफ लॅप घ्या, दोन्हीकडची अर्धी अर्धी जाडी काढून एकावर एक बसवायचं, चिकटायला जागा भरपूर मिळते.

पण खुर्ची, टेबल, चौकट असेल तर कूसच, म्हणजे एका लाकडाच्या टोकाला जीभ काढून ती दुसऱ्याच्या भोकात बसवायची. जुन्या माळवदाच्या घरात दाराच्या चौकटीचा कोपरा बघा, लाकडी खुंटी दिसली तर आत कूस आहे समजायचं. कूस लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायची, म्हणजे ३६ एमएमला १२. आधी पटाशीनं (लाकडाच्या छिन्नीनं) भोक पाडा, मग त्या मापानं कूस कापा, उलटं केलं की भोक मोठं होत जातं. खुणा पेन्सिलीनं नको, गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून चाकूनं मारा, पटाशी बरोबर त्या चिरेत बसते. कूस हाताच्या दाबानं निम्मी जावी, उरलेली मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्यानं, लई घट्ट केली तर भोकाची बाजू फाटते. आता खुंटीची गंमत: खुंटीसाठी दोन्ही लाकडांत आडवं भोक पाडायचं, पण कुशीतलं भोक बाहेरच्या भोकापेक्षा एखादा एमएम खांद्याच्या (कूस जिथून सुरू होते त्या पायरीच्या) बाजूला सरकवायचं. टोक निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती कूस आत ओढून घेते, फेविकॉल नसला तरी चालतंय.

ड्रॉवरला डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे टोकाला पसरट दात एकमेकांत अडकवायचे), कारण ओढ पुढच्या बाजूनं येते आणि त्याचे दात तिकडं निसटत नाहीत. दातांचा उतार सागवानाला १:८, मऊ लाकडाला १:६. प्लायला मात्र डोव्हटेल करत बसू नका, पापुद्रे उडतात, सरळ खाच पाडून फळी आत बसवा.

आणि उन्हाळ्यात फेविकॉल सकाळी लावा, दुपारी क्लॅम्प आवळेपर्यंत साय धरते. त्याआधी सगळं कोरडंच जोडून बघायचं.