जुना लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी नाही

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. मधूनच व्यवस्थित सुरू होतो, आणि ही चांगली खूण आहे: मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बहुधा शाबूत आहे, कुठेतरी संपर्क किंवा वीजपुरवठा कच्चा आहे.

चार्जर आणि बॅटरी काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरलं, मग नुसत्या चार्जरवर लावून पाहिलं. फरक नाही. मल्टिमीटरवर १९ व्होल्ट नीट आले, पण तेवढ्यावर चार्जर निर्दोष ठरत नाही. लोड आल्यावर, म्हणजे लॅपटॉप वीज ओढू लागल्यावर, व्होल्टेज खाली येऊ शकतं. म्हणून तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा लावला. तरीही तेच.

दोष रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या बसतात त्या, स्लॉटमध्ये निघाला. दोन्ही पट्ट्या एकेक करून आलटूनपालटून लावल्या. एकाच स्लॉटमध्ये अडत होतं, पट्टी कुठलीही असो. पट्ट्यांच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, स्लॉट मऊ ब्रशने साफ केला, पूर्ण वाळू दिला. पट्टी तिरकी घालून दोन्ही क्लिपा वाजेपर्यंत दाबायची, अर्धवट बसली तर पुन्हा हेच.

घड्याळ मागे पडत होतं, म्हणून ते चालू ठेवणारा बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेलही बदलला. लॅपटॉपमधला बहुतेकदा वायर-कनेक्टरवाला असतो, तसाच मागा. सेल काढल्यावर बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात. त्यातला डिस्कचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आधी एएचसीआय असेल तर तोच ठेवा, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं.