सदाहरित नेच्याला पाणी: वार ठरवू नका, बोट घाला

नेचा बाराही महिने हिरवा दिसतो, म्हणून आपण बाराही महिने सारखंच पाणी घालतो. हिवाळ्यात मुळं कुजतात ती यामुळेच.

साधी खूण अशी: माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत चाचपायची. वरचा थर कोरडा आणि खाली ओल लागली, तर आज थांबा. खालीही कोरडं असेल तरच पाणी द्या, पण मग भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडलं तर ओल वरच राहते आणि मुळंही वरच पसरतात.

नवी पालवी फुटताना, म्हणजे गोगलगायीसारखी गुंडाळलेली टोकं उलगडत असताना, माती अजिबात सुकू देऊ नका. या दिवसांत ताण बसला की पानांच्या कडा करपतात, त्या पुन्हा हिरव्या होत नाहीत. उन्हाळ्यात पाणी सकाळी घाला आणि बुंध्याभोवती दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा. माझ्या मते जास्तीच्या पाण्यापेक्षा हाच जास्त कामाचा. पावसाळ्यात फक्त निचरा बघा.

थंडीत पाणी कमी, पण बंद नाही. पानं हिरवी आहेत म्हणजे त्यांतून थोडं पाणी उडतच असतं. जमीन गोठते तिथे गोठण्याआधी एकदा चांगलं भिजवून ठेवा.

पाणी बुंध्याच्या कडेने सोडा. मधल्या गड्ड्यात, जिथून पानं फुटतात तिथे, पाणी साचलं की तो सडतो.