बेसबॉलचा संघ बांधताना या चुका टाळा

आमच्या बारा जणांच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे आकडे धरून कागदावरचे संघ चालवायचा खेळ) खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवता येतात, अगदी मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर तयार होणारी पोरंसुद्धा. दर हिवाळ्यात एखादा नवा मालक येतो आणि पहिल्याच आठवड्यात निम्मं बजेट एका मोठ्या नावावर उडवतो. खऱ्या क्लबांनी ज्या चुकांपायी कोट्यवधी डॉलर घालवले, त्याच पुन्हा बघवत नाहीत.

सगळ्यात महाग चूक म्हणजे होऊन गेलेल्या खेळाचे पैसे मोजणं. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, फ्री एजंट (कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा) व्हायला सहा वर्षांची सेवा भरावी लागते आणि 172 दिवस संघात काढले की एक वर्ष धरतात. तेवीस-चोविसाव्या वर्षी वर आलेला खेळाडू बाजारात येतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो. त्याची उमेदीची वर्षं आधीच्या क्लबने स्वस्तात वापरलेली असतात.

डिसेंबर 2011 मध्ये एंजल्स क्लबने अल्बर्ट पुहोल्सशी दहा वर्षांचा, 24 कोटी डॉलरचा करार केला. आधीच्या क्लबकडे, सेंट लुईसमधल्या अकरा वर्षांत त्याची सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) होती .328, होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके) 445. एंजल्सकडे सरासरी .256 वर आली आणि मे 2021 मध्ये, करार संपायच्या आधीच, त्यांनी त्याला मोकळं केलं. एवढ्या काळात संघ प्लेऑफमध्ये गेला एकदाच, 2014 मध्ये, आणि कॅन्सस सिटीकडून सलग तीन सामने हरून परतला. त्याच संघात माइक ट्राउट होता. 2009 च्या ड्राफ्टमधली (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती फेरी) ज्या 25व्या क्रमांकाची निवड वापरून एंजल्सने त्याला घेतलं, ती त्यांना मिळाली होती मार्क टेशेरा यांकीजकडे गेल्याची भरपाई म्हणून. गेलेल्या फ्री एजंटच्या बदल्यात आलेला पोरगा विकत आणलेल्या ताऱ्यापेक्षा कितीतरी मोठा ठरला!

फ्री एजंट घेऊच नये असं नाही. नॅशनल्सने 2015 साठी मॅक्स शर्झर 21 कोटींना घेतला. त्याने त्यांच्यासाठी दोन साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा मान) मिळवले आणि 2019 चं विजेतेपदही आलं. पण स्ट्रासबर्ग, रेंडन, सोटो त्यांनी घरीच घडवले होते. मी तर मोठ्या कराराची पहिली तीन वर्षंच हिशेबात धरतो, उरलेली बुडाली असं समजून. तसं करून परवडलं तरच बोली लावतो.

दुसरी चूक माझ्या जिव्हारी लागलेली आहे: हातातला पोरगा घाईने सोडणं. मार्च 2014 मध्ये ॲस्ट्रोजने जे. डी. मार्टिनेझला सोडलं. आदल्या मोसमात त्याची सरासरी .250 होती. त्या हिवाळ्यात त्याने बॅट फिरवण्याची पद्धतच मुळापासून बदलली होती, पण सराव सामन्यांत त्याला जेमतेम अठरा वेळा बॅटिंग मिळाली. टायगर्सने त्याला मायनर लीगच्या करारावर घेतलं आणि त्याच वर्षी त्याने .315 च्या सरासरीने 23 होम रन मारले. 2018 मध्ये बॉस्टनसाठी 43. त्याच मार्चमध्ये मीही त्याला माझ्या संघातून काढलं होतं. जुने आकडे पाहिले, पण हिवाळ्यात तो काय करत होता हे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. तेव्हापासून पंचविशीच्या आतल्या कुणालाही सोडायचं ठरवलं, तरी दोन आठवडे हात लावत नाही. त्याचे ताजे व्हिडिओ बघतो, काही बदललंय का ते शोधतो. नव्या मालकांना हे थांबणं जमत नाही. कोय पुरली की दुसऱ्या दिवशी कैरी हवी असते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मार्चमधल्या सराव सामन्यांवरून कुणालाही घेऊ नका.

मायनर लीगचे आकडे मैदान न बघता वाचू नका. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून 5,000 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो.

वय बघा. डबल-ए मध्ये (मायनर लीगची एक वरची पायरी) विशीतल्या पोराची .270 मला पंचविशीतल्या गड्याच्या .310 पेक्षा जास्त मोलाची वाटते.

पिचरची पोरं गरजेपेक्षा दोन-तीन जास्तच ठेवा, कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही.

आणि आपल्या मायनर लीगमध्ये कोण आहे ते दर नोव्हेंबरला नीट तपासा. 1954 मध्ये डॉजर्सने एका पोराला मॉन्ट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवलं, मेजर लीगच्या संघात घेतलं नाही. असा खाली ठेवलेला खेळाडू दुसऱ्या क्लबला उचलता येतो, त्या नियमाप्रमाणे पिट्सबर्गने त्याला 4,000 डॉलरमध्ये उचललं. तो होता पुढे बेसबॉलच्या महान खेळाडूंत गणला गेलेला रॉबर्टो क्लेमेंटे.