ऊमेची फुलांनंतरची छाटणी : कात्री हाती घेण्यापूर्वीची तयारी

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तोक्योतील निशिकासाई येथील आमच्या सज्जात, लाल फुलांच्या माझ्या ऊमे बोन्सायची छाटणी मी अर्ध्या तासात उरकली आणि एप्रिल संपेपर्यंत नऊपैकी सहा फांद्या वाळून गेल्या. ऊमे म्हणजे जर्दाळूचा भाऊबंद. मूळचा चीनचा, शतकानुशतके जपानमध्ये रुळलेला आणि पाने येण्यापूर्वीच कडाक्याच्या थंडीत फुलणारा वृक्ष. यंदा पहिल्यांदाच तो घरी आणलेल्यांसाठी ही तयारीची यादी लिहीत आहे. तिच्यात एक गोष्ट वारंवार येईल, आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही.

ती गोष्ट म्हणजे पानडोळा, म्हणजेच ज्या डोळ्यातून पाने आणि नवी फूट निघते तो. प्रत्येक फांदीवर, कापणार त्या जागेच्या खाली, निदान एक पानडोळा शिल्लक आहे याची डोळ्यांनी खात्री करावी; अंदाजाने नव्हे. मी निफाडकडच्या द्राक्षबागाईतदाराच्या घरातला. आमच्याकडे ऑक्टोबरच्या गोडी (म्हणजे फळांसाठीच्या) छाटणीपूर्वी काडीचे डोळे तपासून घेतात, त्यामुळे डोळे राखून छाटणे मला शिकवण्याची गरज नाही, असा माझा समज होता. परंतु द्राक्षाच्या एकाच डोळ्यातून फूटही निघते आणि त्याच फुटीवर घडही येतो. ऊमेचे तसे नाही. तिच्या फुलडोळ्यातून केवळ फूल निघते आणि ते गळले की तेथे काही उरत नाही. मी प्रत्येक काडीवर हिशेबाने दोन-दोन डोळे राखले होते. त्यांतील बहुतेक फुलडोळे होते. पान फुटायला जागाच न राहिल्याने फांद्या शेंड्याकडून मागे वाळत गेल्या. जुन्या लाकडावर नवा डोळा काढण्याची ऊमेला फारशी हौस नसते, म्हणून गेलेली फांदी सहसा गेलीच.

त्यामुळे तयारीची सुरुवात फुले गळल्यावर नव्हे, तर झाड बहरात असताना, म्हणजे तोक्योत साधारण फेब्रुवारीतच करावी. भिंग घ्यावे, आणि चाळिशी लागली असेल तर ती लावावी. फुलडोळा गोल आणि टपोरा असतो. पानडोळा बारीक, निमुळता आणि काडीला चिकटून बसलेला असतो. काही पेरांवर दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि टपोऱ्या भावापुढे बारका दिसतच नाही. आखूड काड्यांवर बाजूचे जवळजवळ सगळे डोळे फुलांचे असतात आणि पानडोळा एकटा शेंड्यावर असतो. अशा काडीचा शेंडा नीटनेटकेपणाच्या हौसेने उडवला की काडी मेली. लांब, जोमदार काड्यांवर पानडोळे मधूनमधून असतात, तेव्हा तेथे निवडीला वाव आहे: खोडाच्या जवळचा आणि शक्यतो बाहेरच्या दिशेला पाहणारा डोळा निवडून त्याच्या खाली रंगीत दोरा सैल बांधावा. दोरा हास्यास्पद दिसतो, पाहुणे विचारतात. बांधावा. ज्या काडीवर दोरा नाही, तिला कात्री लावायची नाही. शंका असेल तर आणखी आठवडाभर थांबावे, कारण बहर ओसरता ओसरता पानडोळा फुगतो, त्याच्या टोकाला हिरवी झाक येते आणि मग चूक होणे अवघड होते. मी तो आठवडा थांबलो नाही.

जपानीत एक प्रचलित म्हण आहे : साकुरा (चेरी) कापणारा मूर्ख आणि ऊमे न कापणारा मूर्ख. ती खरी आहे, कारण फुले आदल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर येतात आणि छाटले नाही तर फुले दरवर्षी खोडापासून लांब लांब जात राहतात. मात्र म्हणीत पानडोळ्याचा उल्लेख नाही.

अवजारांविषयी थोडेच. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. जखमेवर लावायचा लेप आधी आणून ठेवावा, कारण मोठा काप उघडा राहिला तर लाकूड आत कुजत जाते. वाळलेली फुले देठासकट खुडावीत, नाहीतर झाड फळे धरण्यात शक्ती घालवते. खुडताना शेजारचा बारका पानडोळा नखाने उडणार नाही, याकडे लक्ष असावे.

झाडाला कोणते रूप द्यायचे, हे मात्र कात्रीपूर्वी ठरलेले असावे, आणि त्यासाठी जुनी झाडे पाहण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. शिगा प्रांतातील नागाहामा येथे 1952 पासून दर हिवाळ्यात कुंडीतील ऊमेंचे प्रदर्शन भरते. केइउनकान या जुन्या वास्तूच्या तातामी चटया अंथरलेल्या दालनांत माणसाहून उंच झाडेही मांडलेली असतात. काहींचे खोड पोकळ झालेले, अर्धे लाकूड उघडे पडलेले, सालीची एक पट्टी तेवढी जिवंत, आणि त्या पट्टीच्या आधारावर वर कोवळ्या काड्यांना फुले. तेवढा प्रवास शक्य नसेल तर तोक्योत उएनोच्या कलासंग्रहालयात फेब्रुवारीत भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनात बहरलेली ऊमे पाहायला मिळू शकते. पाहताना फुले सोडून फांद्या मोजाव्यात. त्या किती थोड्या असतात, हे पाहून मी चकित झालो होतो. पाइनसारखा घनदाट पसारा ऊमेला शोभत नाही. तिचे सौंदर्य खडबडीत खोड, तिरकस वळणे आणि मधल्या रिकाम्या जागेत आहे. म्हणून झाडाचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे, नको असलेल्या फांद्यांवर पेनाने फुली मारावी आणि राखायच्या प्रत्येक फांदीवर दोरा आहे ना, हे पुन्हा पाहावे. राखायच्या फांदीवर पानडोळाच नसेल, तर आराखडा बदलावा. झाड आपला आराखडा वाचत नाही.

कुंडी बदलायची असेल तर तीही याच सुमारास, फुले संपल्यावर आणि पाने उघडण्यापूर्वी बदलावी. तरुण झाडाला दरवर्षी किंवा वर्षाआड, वयस्कर झाडाला दोन-तीन वर्षांनी हे पुरते. सात भाग आकादामा (बोन्सायसाठी वापरतात ती जपानी दाणेदार माती) आणि तीन भाग नदीची जाड वाळू, दोन्ही चाळून, भुकटी टाकून देऊन, आदल्या दिवशीच तयार ठेवावे. उघड्या मुळ्या वाऱ्यावर ठेवून चाळणी शोधू नये. छिद्रांवर जाळी, झाड कुंडीला बांधण्यासाठी तार, मुळ्यांचा सुमारे तिसरा हिस्सा कापायचा. नंतर काही आठवडे पहाटेच्या गोठलेल्या दवापासून आणि जोराच्या वाऱ्यापासून झाड जपावे. खत महिनाभर नको.

वळणासाठी तार आत्ता लावू नये. जुने लाकूड ठिसूळ असते आणि साल लगेच सोलते. मे-जूनमध्ये नवी काडी हिरवी आणि लवचीक असते, तेव्हा सैल तार लावावी आणि ती रुतण्यापूर्वी काढावी.

पुढील महिन्यांची तयारी थोडक्यात. एप्रिलपासून पेंडीच्या वड्या, भर पावसाळी उकाड्यात बंद, सप्टेंबरमध्ये पुन्हा. ऊन पूर्ण. पुढच्या वर्षीची फुले उन्हाळ्यातच ठरतात, म्हणून मेअखेरीपासून दोन-तीन आठवडे पाणी थोडे आखडते घ्यावे, पाने किंचित मलूल दिसली की द्यावे, म्हणजे काडीची वाढ थांबून डोळे फुलांकडे वळतात. जूनचा पाऊस लागला तर कुंडी आडोशाला घ्यावी. पाणी आखडायचे म्हणजे तोडायचे नाही. मावा ही कीड एप्रिलमध्येच पाहावी, कारण ती केवळ पाने वाकडी करत नाही, विषाणूही पसरवते. तोक्योच्या ओमे शहरात 2009 मध्ये ऊमेवर प्लम पॉक्स विषाणू आढळला आणि 2014 मध्ये तेथील प्रसिद्ध बागेतील सगळी ऊमे तोडावी लागली. रोप खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

पुण्या-मुंबईकडे झाड नेण्याचा विचार सोडून द्यावा. परवाने आणि विलगीकरण तर आहेच, पण तेथे तिला हवी तेवढी थंडी मिळत नाही. हिवाळाभर ते बाहेरच राहू द्यावे. बहरात दोन-तीन दिवस घरात आणावे, हीटरच्या झोतापासून दूर. अधिक ठेवल्यास कळ्या गळतात. आणि ते घरात, डोळ्यांसमोर असतानाच भिंग आणि रंगीत दोऱ्याची गुंडाळी बाहेर काढावी.