पहिला रीफ टँक लावताय? या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काही बिघडलं की नवशिका आधी बाटली शोधतो. शेवाळ आलं, हे ओता. पीएच उतरला, ते ओता. कोरल दोन दिवस मिटून बसलं की तिसरी बाटली. पहिल्या काही महिन्यांत टँकची जी वाट लागते ती मूळ दुखण्यापेक्षा या उपचारांनीच जास्त लागते, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून चुका सांगताना हात कुठे आखडता घ्यायचा तेही सांगतो.

पंप बंद करून न बघणं

टँकच्या खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी) असेल तर मीठ घालण्याआधीच, साध्या पाण्यावर, रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर ढकलणारा) बंद करून बघा. पंप थांबला की वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून (जादा पाणी खाली सोडणाऱ्या वाटेतून) आणि रिटर्नच्या नळीतून उलटं खाली यायला लागतं. संपमधली पातळी चढत राहते. वर नळीचं तोंड उघडं पडून हवा खेचू लागलं की घरघर होते आणि मगच धार तुटते. तेव्हा संपच्या काठाखाली दोन-तीन बोटं जागा उरली तर ठीक. नाहीतर नळीचं तोंड वर घ्या, संपमधलं पाणी कमी करा आणि पंप चालू असतानाच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीही भरू नका. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात मिठाचे खडे आणि गोगलगायी अडकतात. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलावरून खाली ठिबकेल.

पाणी आणि मीठ

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलं तरी नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबं उरतंच. कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना तांबं जराही सोसत नाही. आरओडीआयचं पाणी घ्या, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून उरलेले क्षार काढलेलं. टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ० यायला हवा. पिण्याच्या पाण्याचा आरओ इथे पुरत नाही, कारण त्यात शेवटचा डीआय रेझिनचा टप्पा नसतो.

मीठ कालवताना पाणी आधी आणि मीठ नंतर, थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन खाली बसतात, पाणी दुधाळ होतं आणि तो साका नीट विरघळत नाही. ते पाणी सरळ फेकून द्या. आणि प्राणी असलेल्या टँकमध्ये सुकं मीठ कधीच टाकू नका.

खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) हवा, म्हणजे सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर ० दाखवतो म्हणून ३५ वरही बरोबर असेल असं नाही. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर लावून घ्या.

टॉप-अपची, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढण्याची, चूक हळूहळू मारते. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. समजा १०० लिटरच्या टँकमधून रोज २ लिटर उडालं आणि तुम्ही आठवडाभर ते खाऱ्या पाण्याने भरलंत, तर ३५ चा खारेपणा ४० च्या आसपास पोचतो. टॉप-अप नेहमी बिनमिठाच्या आरओडीआय पाण्यानेच करा. जमलं तर ऑटो टॉप-अप लावा. टँक जितका लहान तितका हा चढउतार जोरात, त्यामुळे ‘आधी छोटाच घेऊ’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

सायकलिंगची घाई

पाणी नितळ दिसलं म्हणजे टँक तयार झाला नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, यालाच सायकलिंग म्हणतात. बाटलीतल्या जिवाणूंनी वेळ कमी होतो, पण त्याची खात्री टेस्ट किटनेच करायची. २ पीपीएम (दहा लाखांत २ भाग) अमोनिया घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर सायकल झाली. मासा सोडून सायकल करू नका, अमोनियाने त्याचे कल्ले भाजतात.

शेवाळाशी युद्ध

इथे सगळ्यात जास्त टँक मोडतात. नव्या वाळूवर आणि दगडांवर आधी तपकिरी भुकटी येते, ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. सिलिकेट संपलं की तेही जातं. मग हिरवे केस येतात. ते हाताने उपटा, गोगलगायी सोडा, खाणं कमी घाला. हे सगळं बघवत नाही, मान्य आहे. पण इथेच माणूस घाबरून फॉस्फेट शोषणारं माध्यम भरतो, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दामटतो, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणतो. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेवर डायनोफ्लॅजलेट नावाचे सूक्ष्मजीव, थोडक्यात डायनो, येतात.

डायनो ओळखायचे कसे? शेंबडासारख्या तपकिरी तारा आणि टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री विरळ, दुपारी दिव्याखाली पुन्हा दाट. शंका असेल तर थोडा गाळ पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. मग पाणी बदलणं थांबवा, शोषक माध्यम काढा, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पर्यंत येऊ द्या. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही (अतिनील) दिवा चालतो. वाळूतच राहणाऱ्यांवर त्याचा फारसा उपयोग नाही, म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेलं बरं.

आकड्यांमागे धावणं

अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) ८ हवी की ९ डीकेएच, यावर वेळ घालवू नका. ७ ते ११ मध्ये कोरल वाढतात. मरतात ते आज ७ आणि उद्या १० केल्याने. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० पीपीएम. चार-दोन मऊ कोरल असतील तर आठवड्याला १० टक्के पाणी बदलून हे बहुतेक भागतं, ही द्रव्यं आपोआप घालणाऱ्या डोसिंग पंपाची गरज नाही.

पीएच कमी दिसला की बफर ओतायची सवय तर सोडाच. बहुतेक वेळा कारण बंद खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड असतं. बफरने अल्कलिनिटी चढते आणि पीएच पुन्हा जागेवर येतो. खिडकी उघडून बघा.

मासे आणि कोरल

नवा मासा थेट मुख्य टँकमध्ये नको. पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन एकदा शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक अडीचेक महिने माशांविना ठेवावा लागतो. तांब्याचं औषध फक्त वेगळ्या टाकीत. निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मँडरिन मासा कोपेपॉड या बारीक जीवांवर जगतो आणि नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. अ‍ॅनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी वर्षभराने आणा. जागा पसंत पडली नाही तर तो भटकतो आणि वेव्हमेकरमध्ये (पाणी हलवणाऱ्या पंपात) अडकून चिरडतो. समुद्रात त्याच्यात राहणाऱ्या क्लाउनफिशला टँकमध्ये त्याच्यावाचून काही अडत नाही.

कठीण कोरल साइटीस या वन्यजीव-व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे टँकमध्येच वाढवलेले फ्रॅग (कोरलचे तुकडे) घेणं सोयीचं आणि शहाणपणाचं. टँकमध्ये सोडण्याआधी डिप करून (औषधी द्रावणात बुडवून) त्यावरचे किडे झटका.

झोअँथिड आणि पॅलिथोआ हे कोरल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हे कोरल चिकटलेला दगड साफ करायला उकळू नका, ब्रशने घासू नका. उकळताना निघालेली वाफ श्वासात जाऊन घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात जावं लागलेलं आहे.