वावरात राबतो तरी जिम कायले? अन् लावायचीच तर कशी

आमच्याकडे जिमचं नाव काढलं की पारावरचा पहिला डायलॉग ठरलेला, "बाप्पा, दिवसभर वावरात हाडं मोडतो आम्ही, आम्हाले कायले जिम?" मी पण हेच म्हणायचो. मग एका पेरणीत डीएपी खताचं ५० किलोचं पोतं ट्रॉलीतून उतरवताना कंबर अशी धरली की १२ दिवस खाटेवर. तेव्हा समजलं की राबणं वेगळं अन् अंग कमावणं वेगळं. निंदण असो की कापूस वेचणी, की १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी, दिवसभर तेच ते काम, त्यात कंबर-खांदे थकून जातात अन् बाकी अंगाला कामच पडत नाही. पोतं कसं उचलायचं (गुडघ्यात वाकून, पाठ सरळ, पोतं अंगाला चिकटवून) हे मला जिममधल्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोट्ट्यानं शिकवलं, माझ्याहून १५ वर्षांनी लहान.

आता जिम निवडायची कशी. मशीन बघू नका. ज्या वेळेला तुम्ही जाणार त्याच वेळेला २-३ दिवस नुसतं जाऊन बसा, कारण सकाळची मंडळी वेगळी असते अन् संध्याकाळची वेगळी. नवीन माणसाला कोणी दांडा धरायला शिकवते का, का सगळे आरशापुढं फोटोतच गुंग आहेत, पोट सुटलेला माणूस आला की मागून हसतात का, हे बघा. अन् मुख्य म्हणजे "तो काल काहून नाही आला बे?" असं कोणी विचारते का ते ऐका. हे जिथं विचारतात तिथं डोळे झाकून नाव लावा, पत्र्याचं शेड असलं तरी चालते. फी मात्र महिन्याची भरा, सवलतीच्या नादात वर्षाची नाही, मी एकदा तालुक्याला वर्षाची भरली अन् २ महिन्यांत शटर बंद.

गावात जिमच नसेल तर ग्रामपंचायतीनं लावलेली ओपन जिम बघा, बहुतेक गवत वाढलेलं असते, ४-५ जणांनी एक रविवार काढून साफ करा, तिथूनच ग्रुप सुरू होते. नाहीतर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात व्यायामशाळेच्या अनुदानाची योजना असते, सरपंचाला घेऊन चौकशी करा. अन् व्यायामशाळा आपल्याकडे काही नवीन फॅड नाही हो, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं आहे, तिथली पोरं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळ दाखवून आली.

पहिल्या दिवशी जुनं दुखणं लपवू नका, गुडघा, हर्निया, जे असेल ते शिकवणाऱ्याला सांगा. वय ३० च्या वर असेल तर आधी आरोग्य उपकेंद्रात बीपी-शुगर तपासून घ्या. पहिले १५ दिवस वजन इतकं कमी ठेवा की लाज वाटली पाहिजे. भरतीच्या पोट्ट्यांची बरोबरी तर अजिबात नको, त्यांना १६०० मीटरला २० मार्क आहेत, आपल्याला काय आहे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल अन् २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, म्हणजे ३ दिवस नीट गेलात तरी भागते.

आता फरक कुठं पडते ते सांगतो. माझा खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) सुटला. कोणी भाषण दिलं नाही, फक्त तोंडात खर्रा घेऊन आलेल्याला आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या प्लेटा जागेवर लावाव्या लागतात, ८-१० वेळा लावल्या अन् मग परवडेना. रात्री झोप लागायला लागली. अन् कापसाचा भाव पडला त्या वर्षी घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, मी पण चार दिवस गेलो नाही, तर पाचव्या दिवशी तिघं जण मोटरसायकलवर घरी, "चाल, मारायचं नसन तं नुसता बस." नुसता बसलो तासभर. कर्जाबद्दल कोणी विचारलं नाही, कोणी शहाणपणा शिकवला नाही, पण निघताना एकानं सांगितलं की उद्या तुझ्या वावरात येतो वेचणीला. ऑनलाइन फॉर्म भरणं, रक्त लागलं तर माणूस, रात्री २ ला दवाखान्यात न्यायला गाडी, सगळं तिथूनच निघते.

बायकांसाठी वेगळी वेळ मागून घ्या, एकटीनं मागितली तर मालक टाळते, बचत गटाच्या ८-१० जणींनी मिळून मागितली की दुपारची मिळते. आमच्याकडे दुपारी असंही कुत्रं फिरकत नाही. उन्हाळ्यात मात्र ही बॅच पण सकाळी घ्या, पारा ४५ वर गेल्यावर पत्र्याखाली व्यायाम म्हणजे बह्याडपणा आहे. पाणी सोबत ठेवा, चक्कर आली की लगेच बंद अन् सावलीत. छातीत दुखलं तर लिंबूपाणी पाजत बसू नका, १०८ लावा.

खाण्याचं जास्त टेन्शन नको, भिजवलेले चणे, फुटाणे, तुरीचं वरण, भाकर, अंडी चालत असतील तर अंडी. पावडर घ्यायचीच तर डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर बघा, अन् इंजेक्शन सुचवणारा भेटला तर त्या जिमकडे परत वळू नका.

सगळ्यात जास्त ग्रुप फुटतात ते जूनच्या पेरणीत अन् ऑक्टोबरात सोयाबीन काढताना. तेव्हा कोणाला ओढू नका, पण कोण कधी परत येणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, अन् आल्यावर अर्ध्या वजनापासून सुरू. अजून एक, किल्ल्या दोन ठेवा. एकाच माणसाकडे किल्ली असली अन् तो वावरात जागलीला गेला की सगळे बाहेर उभे, असं ३ वेळा झालं की चौथ्यांदा कोणी येत नाही. आमच्याकडे दुसरी किल्ली दूधवाल्याकडे असते, तो असाही पहाटे ४ ला उठलेलाच असते.